चरक भंगारात गेला त्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथल्या एका खेड्यात जुनी पवनचक्की पाहिली. दळणासाठी आता तिची कुणालाच गरज नाही. तरी गावातले माझ्याच वयाचे म्हातारे वर्गणी काढून, आळीपाळीने तिची निगा राखतात. सरे परगण्यात आउटवुडला तर १६६५ सालची लाकडी पवनचक्की अजून उभी आहे म्हणे! मला आमचा चरक आठवला आणि मान खाली गेली.

पंचगंगेकाठच्या आमच्या गावी दिवाळी सरली की गुऱ्हाळ लागायचं. बैल गोल फिरायचे, चरकातून रस यायचा. काईलीखाली चुलवाणात वाळली चिपाडं पेटायची. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी वर यायची. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघायचा. जरा उशीर झाला की गूळ बिघडलाच. सगळी परीक्षा त्या बोटांत!

पुढे इंजिन आलं आणि बैलांचा चरक परड्यात पडला. वडील गेल्यावर मीच तो भंगारवाल्याला किलोवर विकला. वर्गात पोरांना ‘आपला वारसा’ शिकवणारा मी! असो.

शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकन नावाला मिळालं, हाताला नाही. कारखाना उभा ऊस घेऊन जातो. गुऱ्हाळाला तापत्या काईलीपाशी राबणारी माणसं लागतात, ती मिळत नाहीत. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तालुक्यात एक तरी गुऱ्हाळ बैलांच्या चरकासकट, वर्गणी काढून चालतं ठेवावं. गुळव्याला मानधन द्यावं, शाळांच्या सहली तिथे न्याव्यात. कुणी म्हणेल, संग्रहालयात चरक ठेवला की झालं. चरक राहील हो, पण गोळी वळणारी बोटं काचेच्या कपाटात कशी ठेवणार?

आमचा चरक काही परत येत नाही. पण मंडळी, तुमच्या कुणाच्या परड्यात एखादा पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. पहिली वर्गणी माझी.