यंत्रावरचे ‘पेटंट पेंडिंग’
‘पेटंट पेंडिंग’ याचा अर्थ एवढाच की अर्ज दाखल झाला आहे, हक्क अजून मिळालेला नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपने कांद्याची प्रतवारी करणारे नवे यंत्र घडवले, तर त्याचा अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. आधी तात्पुरता अर्ज केला असेल, तर संपूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो. साधारण 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. घोटाळा होतो तो पुढे. तपासणी आपोआप होत नाही, ती वेगळा अर्ज करून मागावी लागते, आणि 2024च्या सुधारित नियमांनी त्यासाठीची मुदत 48 वरून 31 महिन्यांवर आणली आहे. परीक्षकाच्या हरकतींना सहा महिन्यांत उत्तर, मग प्रसंगी सुनावणी. यात काही वर्षे सहज जातात. पेटंटची 20 वर्षे मात्र अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जातात, म्हणजे रेंगाळलेला प्रत्येक महिना कारखानदाराच्या पदरचा जातो. लघुउद्योग, स्टार्टअप आणि महिला अर्जदारांना जलद तपासणी मागता येते. ती जरूर मागावी. हॉपरखाली रिव्हेट मारून बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीवरील त्या दोन शब्दांच्या बळावर नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही. दावा पेटंट मिळाल्यावरच लावता येतो. भरपाई मात्र अर्जाच्या प्रसिद्धीच्या तारखेपासूनची मागता येते. अर्जच केलेला नसताना पट्टीवर तसे छापले, तर 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.