बचावपटूचा दुसरा डाव
शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत भात कापून झालं की कबड्डीची मैदानं आखली जातात, आणि गावाला नाव पाठ असतं ते चढाईपटूचं. कोपरा राखणाऱ्याची आठवण होते ती पकड सुटल्यावर. फुटबॉलमध्येही तेच. म्हणूनच गोव्याचे बचावपटू महेश गवळी यांच्याबद्दल मला फार माया आहे. ईस्ट बंगालने 2003मध्ये जकार्त्यात आसियान चषक जिंकला त्या संघात ते होते, मग मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि गोव्याच्या धेंपोकडून खेळले, 2011च्या आशिया चषकासाठी भारताच्या संघातही होते. आपल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे? पुढे ते भारताचे सहाय्यक प्रशिक्षक झाले. 2023च्या सॅफ स्पर्धेत, बंगळुरूला, मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात मैदानाच्या कडेला उभे होते गवळी. लेबननला पेनल्टींवर 4-2 हरवलं. 4 जुलैला कुवेतने आधी गोल केला, भारताच्या छांगटेने बरोबरी साधली, आणि पेनल्टींवर 5-4ने चषक भारताचा झाला. आयुष्यभर मागे राहून अख्खं मैदान समोर पाहिलेला माणूसच अशा वेळी कामी येतो, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडचे कितीतरी कोपरारक्षक तिशीनंतर खेळ सोडून पहाटेची कसारा लोकल पकडून कामाला जातात. त्यांच्या हाती गावातली लहान मुलं शिकवायला सोपवा, संध्याकाळचा एक तास तरी.