तेल आपलं, भाव कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत गॅसचा विषय निघाला. ‘तुझ्याकडे उज्ज्वलाचा गॅस आहे ना?’ असं एकीला विचारलं, तर ती हसली. ‘आहे की. टाकी कॉटखाली ठेवलीय, शेगडीवर कापड घातलंय. पाहुणे आले की काढते.’ बाकीच्याही हसल्या. मग एकेक जण सांगायला लागली. एकीची टाकी दिवाळीपासून रिकामी होती. दुसरी फक्त सकाळचा चहा गॅसवर करते, भाकरी चुलीवरच. कारण सगळ्यांचं एकच. टाकीचे पैसे एकदम मोजावे लागतात आणि मजुरी मात्र रोजची. त्यातही काम मिळालं तर.

इंधनाचे भाव चढले की एक चर्चा हमखास सुरू होते. आपण तेल बाहेरून आणतो म्हणून ते महाग आहे. देशातच जास्त तेल काढलं तर भाव उतरतील. ऐकायला हे सरळ वाटतं. पण मैत्रिणींनो, आपल्या चुलीच्या बाजूने हा हिशोब एकदा तपासून पाहायला हवा.

थोडं मागे जाऊ. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल हे त्यांचे प्रश्न होते. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. नेमकं त्याच सुमाराला, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर समुद्रात तेल सापडलं. तेच मुंबई हाय. १९७६ पासून तिथून तेल निघू लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त तेल देशातच निघत होतं.

म्हणजे देशातलं तेल आपण एकदा भरपूर पाहिलं आहे. तेव्हा रॉकेलच्या रांगा संपल्या का? रेशनच्या दुकानापुढे डबे लावून बसलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पण त्या काळी एक गोष्ट होती. भाव सरकार ठरवत होतं. त्यामुळे लाटणं कुणाच्या दारावर आपटायचं, हे बायकांना ठाऊक होतं.

आता ते दारच दिसेनासं केलं आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा. रेशनच्या रॉकेलचं केंद्राचं अनुदान हळूहळू काढून घेतलं, २०२०-२१ पर्यंत ते संपलं. गॅसचा आधारभाव सौदी अरेबियाची तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते त्या दरावर ठरतो. आपल्याला लागणाऱ्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के बाहेरून येतो. पण उरलेल्या, इथेच तयार झालेल्या गॅसचा हिशोबही त्याच परदेशी दराने होतो.

कच्च्या तेलाचंही तेच. आपल्या समुद्रातून निघालेलं तेल जगाच्या बाजारभावानेच विकलं जातं. याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले, तेव्हा देशात तेल काढणाऱ्या कंपन्यांना एवढा नफा होऊ लागला की १ जुलै २०२२ पासून सरकारने त्यावर टनामागे २३,२५० रुपयांचा खास कर बसवला. पुढे तो कमीजास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. तेल इथलंच होतं, काढण्याचा खर्च इथलाच होता. तरी भाव युद्धाचा लागला. मग देशात आणखी तेल निघालं तर आमच्या कॉटखालची टाकी बाहेर कशी येणार?

देशात तेल निघू नये असं माझं म्हणणं नाही. त्याने परकीय चलन वाचतं, अडचणीच्या वेळी आधार राहतो, हे खरं आहे. पण मुंबई हायसारखी जुनी क्षेत्रं आता म्हातारी झाली आहेत. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल निघालं, २०२३-२४ मध्ये ते ३ कोटी टनांच्याही खाली आलं. तेलाची आयात ७७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत ६७ टक्क्यांवर आणू, असं २०१५ मध्ये जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात ती ८५ टक्क्यांच्या पुढे गेली. आणि नव्या विहिरींची किंमत कोण मोजतं? आसामात बाघजान इथली विहीर मे २०२० मध्ये फुटली, जूनमध्ये पेटली. ती आग नोव्हेंबरमध्ये विझली. हजारो माणसं घरदार सोडून छावण्यांत राहिली. तिथेही बायकांनीच चुली मांडल्या असणार.

भाव बाजार ठरवतो म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. २०२० च्या टाळेबंदीत कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा पेट्रोल स्वस्त झालं नाही. केंद्राने मार्च आणि मे महिन्यांत अबकारी कर वाढवला. भाव चढला की आपण भरायचं, उतरला की तिजोरीने घ्यायचं. डिझेलमागोमाग एसटीचं तिकीट आणि भाजीही चढते, ते वेगळंच.

गॅसचं पाहा. २०२३ मध्ये दिल्लीत टाकी ११०३ रुपयांवर गेली होती. २९ ऑगस्टला ती २०० रुपयांनी उतरवली, राखीपौर्णिमेची भेट म्हणून. ८ मार्च २०२४ ला आणखी १०० रुपये कमी केले, महिला दिनाची भेट म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा वाढवले, तेव्हा कुठला सण होता ते कळलं नाही! सणाच्या मुहूर्तावर भाव उतरवता येतो, याचा अर्थ भाव सरकारच्या हातात आहे. कंपन्यांचा गॅसवरचा तोटा भरायला ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी रुपये काढता आले. मग ठरवलं तर पैसाही निघतो.

८ मार्च हा कामगार बायकांनी लढून मिळवलेला दिवस आहे. त्या दिवशी आपल्याला ओवाळणी नको, हक्क हवा.

उज्ज्वलाने दहा कोटींहून जास्त घरांत जोडणी गेली, तीही बाईच्या नावावर. ही छोटी गोष्ट नाही. पण २०२२-२३ मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी चारपेक्षा कमी टाक्या भरल्या. उरलेले महिने सरपण, धूर आणि खोकला. सरपणाला जाणाऱ्या बाईच्या तासांची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात लागत नाही, म्हणूनच ‘गॅस परवडतो’ असं म्हणता येतं.

तेव्हा तेल कुठून येतं याच्या वादात आपण अडकायचं नाही. आपली मागणी साधी असावी. वर्षाला ठरावीक टाक्या अशा भावाने मिळाव्यात, जो मजुरीच्या हिशोबाने बांधलेला असेल. पाच किलोची छोटी टाकी प्रत्येक गावात मिळावी. सवलत आधीच वजा व्हावी, पैसे आधी भरून खात्यावर परत येण्याची वाट पाहायला लागू नये. आणि नवी विहीर खणण्याआधी तिथल्या बायकांना विचारलं जावं.

आमच्या गटाने एक वही घातली आहे. टाकी कधी भरली, त्यासाठी किती दिवसांची मजुरी गेली, सरपणाला किती तास लागले, हे तीन महिने लिहायचं ठरलं आहे. तुम्हीही आपापल्या गटात अशी वही घाला. तहसीलदाराकडे मोर्चा नेताना लाटण्याबरोबर ही वहीही हातात असू द्या.