विश्लेषण : दुमजली विमान नागपूरला हवे कशाला?

दोन पूर्ण मजले, चार इंजिने, २२ चाके. एअरबस ए-३८० हे जगातले सर्वांत मोठे प्रवासी विमान. लांबी ७२.७ मीटर, पंखांचा विस्तार जवळपास ८० मीटर, उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ५७५ टन. एका फेरीत साधारण ५०० प्रवासी, म्हणजे अकरा-बारा एसटी गाड्या भरतील इतके!

२०१४ मध्ये परवानगी मिळाल्यावर हे विमान दिल्ली-मुंबईत येऊ लागले. वर्ध्याचा विमानतळ म्हणजे नागपूर. तिथेही हा अजस्र पाहुणा यावा, असे वाटणे साहजिक आहे. पण तशी मागणी करणे चुकीचे ठरेल.

रुंद टॅक्सी-वे आणि दुमजली चढ-उताराची सोय उभारता येईलही. खरी अडचण ५०० खुर्च्या भरण्याची. त्यासाठी लहान शहरांतले प्रवासी आधी मोठ्या केंद्रात गोळा करावे लागतात. वर्ध्याच्या प्रवाशाला मुंबई-दिल्लीत तासन् तास ताटकळावे लागते, ते याच पद्धतीमुळे. याउलट बोइंग ७८७ सारखे दोन इंजिनांचे विमान अडीचशे-तीनशे प्रवाशांतही लांबचा थेट मार्ग परवडवते. कंपन्या तिकडेच वळल्या. ए-३८० चे उत्पादन २०२१ मध्ये २५१ विमानांवर थांबले. किंगफिशरने मागवलेली पाच तर आलीच नाहीत.

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र आहे. दुरुस्तीला मोठी विमाने येतात. मागायचीच असतील, तर विदर्भातून परदेशी नेणारी थेट, नियमित उड्डाणे मागावीत. मग ती लहान विमानांची का असेनात.