चिकटली तरी चालेल?

ऐन डेडलाइनच्या वेळी गप्पा मारायला येऊन बसणाऱ्या कलीगला आपण काय म्हणतो? जळू! पावसाळी ट्रेकला तीच सॉक्सवर चढली की किंकाळ्या. आणि गुडघेदुखीवर मात्र हीच जळू मुद्दाम लावून घेतात. खरंच!

मंडणगडकडच्या गावात दर पावसाळ्यात वाकून भातलावणी केलेल्या आईचे गुडघे कधी ना कधी बोलायला लागतात. मग एखाद्या दिवशी फोनवर ती हळूच विचारते, 'गोळ्यांनी पोटात आग पडते रे. जळवा लावून घेऊ काय?' 'ई, काहीतरीच!' म्हणून विषय उडवू नका. 'घे की, आयुर्वेदिकच तर आहे' असंही बिनधास्त सांगू नका.

सुश्रुतसंहितेत जळवांवर अख्खा अध्याय आहे. त्यात १२ जाती सांगितल्यात, ६ विषारी आणि ६ बिनविषारी. म्हणजे दिसेल ती जळू लावायची नाही, हे तेव्हाही पक्कं होतं. चावताना जळूच्या लाळेतून हिरुडिन हे रक्त गोठू न देणारं द्रव्य जखमेत जातं. सोबत सूज कमी करणारी द्रव्यंही असतात.

आता पुराव्याचं बोलू. जर्मनीतल्या एसेनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे ५१ पेशंट घेऊन झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना एकदाच ४ ते ६ जळवा लावल्या, बाकीच्यांना डायक्लोफेनॅक जेल दिलं. सातव्या दिवशी जळूवाल्यांचं दुखणं बरंच कमी होतं. पुढे दुखण्यातला फरक फारसा उरला नाही, पण गुडघ्याचा ताठरपणा आणि हालचाल तीन महिने बरी राहिली. अर्थात, आपल्याला जळू लावलीय हे पेशंटला कळतंच, त्यामुळे मनाचा परिणाम किती, हे सांगणं अवघड. झिजलेला गुडघा मात्र यानं नवा होत नाही.

तेव्हा आईला 'हो' म्हणण्याआधी:

• ओढ्यातली, खाचरातली जळू नको. जळूच्या पोटातल्या जंतूंमुळे जखम चिघळू शकते.
• एका पेशंटला लावलेली जळू दुसऱ्याला नको. वैद्यांना हे स्पष्ट विचारा, लाजू नका.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हिमोफिलिया किंवा अंगात रक्त कमी असेल, तर हा उपाय नकोच. डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• पोट भरलं की जळू आपणहून सुटते. ओढून काढू नये.

आणि एक. जळू सुटल्यावरही जखमेतून कित्येक तास रक्त झिरपत राहतं. पट्टी बांधलेल्या पायानं आईला एकटीला एसटीनं परत पाठवू नका. त्या दिवशी रजा टाका. बॉसला कारण काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा!