न खेळणारा गडी

ताश्कंद हे नाव आपल्या वाचकांस लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे ठाऊक आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी त्या शहरातून आलेली दुःखद वार्ता ज्यांनी रेडिओवर ऐकली, असे वडीलधारे आपल्यामध्ये अजून आहेत. स्वतः ताश्कंदकरांच्या स्मरणात मात्र दुसरी एक तारीख कोरलेली आहे, ती ११ ऑगस्ट १९७९. त्या दिवशी त्यांचा पाख्ताकोर हा फुटबॉल संघ विमान अपघातात नष्ट झाला. त्या संघातील एका खेळाडूविषयी आज लिहावयाचे योजिले आहे. त्याच्या मरणावरून जो प्रश्न उभा राहतो, तो दुःखी घरांतून आमच्याकडे वारंवार येतो. आणि त्यास शेजारीपाजारी जी उत्तरे देतात, ती आम्हांस पटत नाहीत.

खेळाडूचे नाव मिखाईल आन. जन्म १९५२ साली, ताश्कंदजवळच्या एका सामुदायिक शेतावर. आडनाव कोरियन आहे, आणि त्यामागे मोठी करुण कहाणी आहे. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने आपल्या पूर्व सीमेवरील सुमारे पावणेदोन लाख कोरियन लोकांस आगगाड्यांत कोंबून हजारो मैल दूर मध्य आशियात आणून सोडले. ना घर, ना ओळख, ना भाषा. त्यांनी तेथे शेती उभी केली, मुलांस शाळेत घातले, आणि पंधरा वर्षांनी त्यांच्यात जन्मलेला हा मुलगा पुढे उझबेक राजधानीचा लाडका झाला. ‘पाख्ताकोर’ म्हणजे कापूस पिकविणारा. ज्यांस परके म्हणून तेथे आणून टाकले, त्यांच्याच मुलाने त्या मातीचे नाव छातीवर मिरविले.

आन खेळे तो मधल्या फळीत. फुटबॉलचे वेड असलेल्या गोव्यातील वाचकांस ही जागा समजावून सांगणे नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की, मागच्यांकडून चेंडू घेणे आणि पुढच्याच्या पायाशी तो नेमका पोहोचविणे हे त्या जागेचे काम. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. चेंडू कोठून आला, हे मैदान सोडीपर्यंत प्रेक्षक विसरलेला असतो. १९७१ पासून तो पाख्ताकोरकडून खेळला. संघाचे दिवस नेहमीच बरे नव्हते. १९७५ च्या हंगामानंतर संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला. गंमत अशी की, १९७६ साली तेवीस वर्षांखालील सोव्हिएत संघाने युरोपचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्याचा कर्णधार होता खालच्या श्रेणीत खेळणारा हाच आन! पुढे मोठ्या राष्ट्रीय संघातही त्यास स्थान मिळाले. १९७८ साली पाख्ताकोर पुन्हा वरच्या श्रेणीत आला होता.

१९७९ च्या ऑगस्टात संघास मिन्स्क येथे सामना होता. आन दुखापतीमुळे खेळू शकणार नव्हता. तो ताश्कंदला राहता तर कोणीही बोल लावला नसता. तरी तो आपल्या गड्यांबरोबर विमानात चढला. युक्रेनवर, द्नेप्रोद्झेर्झिन्स्क शहराजवळ, दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली. खार्किवच्या नियंत्रण केंद्रातून एका विमानास उंची बदलण्याची सूचना गेली. अस्पष्ट असे काही उत्तर आले, आणि ते त्याच विमानाचे असे समजले गेले. दोन्ही विमानांतील मिळून १७८ माणसे गेली. त्यांत पाख्ताकोरचे खेळाडू व सहायक मिळून सतरा जण होते. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा व्लादिमिर फ्योदोरोव्ह त्यांतीलच एक. संघाचे प्रशिक्षक ओलेग बाझिलेविच मात्र त्या विमानात नव्हते, म्हणून वाचले.

आता लोक म्हणतात, “आनची वेळ भरली होती, म्हणून मृत्यूने त्यास ओढून नेले, बाझिलेविच यांस देवाने राखले.” अशी वाक्ये आम्ही कितीदा ऐकली आहेत! १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला. तेव्हाही हेच बोलले गेले. वाचलेल्याने गुडघे टेकून देवाचे आभार मानावेत, ते योग्यच आहे. परंतु जिचा पती परतला नाही, तिच्या उंबरठ्यावर उभे राहून ‘देवाने अमक्यास वाचविले’ असे म्हणू नये. तिच्या कानी त्याचा अर्थ एकच पडतो: माझ्या माणसाकडे देवाने पाठ फिरविली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यावेळी ते इतरांहून अधिक अपराधी असले पाहिजेत, ही समजूत प्रभूने साफ नाकारली. ते अठरा जणच का, हे मात्र त्याने सांगितले नाही. जे प्रभूने सांगितले नाही, ते सांगण्याची घाई आम्हां धर्मगुरूंनी तरी का करावी? खार्किवची चूक माणसांची होती. न्यायालयाने दोघा नियंत्रकांस तुरुंगात धाडले. ती चूक देवाच्या नावे लिहिण्याचा अधिकार कोणासही नाही.

दुसरे एक वाक्य याहून सौम्य वाटते, पण तेही बोचते: “गेलाच नसता तर!” आन गेला तो साथीदार खेळत असता मैदानाच्या कडेला बसण्यासाठी. आजाऱ्याच्या उशाशी बसणारे, मयताच्या घरी रात्र काढणारे, लेकराच्या परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी थांबणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून त्या वेळी काही घडत नसते. ते नुसते तेथे असतात. विमान सुखरूप उतरले असते तर आनच्या त्या प्रवासाची एक ओळही कोणी लिहिली नसती. पण तो तितकाच चांगला ठरला असता. अपघाताने त्याची किंमत वाढली नाही, आणि घटलीही नाही.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सोव्हिएत देशातील इतर संघांनी आपले खेळाडू ताश्कंदला दिले, आणि तीन हंगाम निकाल काहीही लागला तरी पाख्ताकोरला खालच्या श्रेणीत ढकलावयाचे नाही, असे ठरले. त्या सवलतीची गरज फार काळ लागली नाही. १९८२ साली, बाहेरून आलेल्या आणि तेथल्या खेळाडूंच्या त्या मिश्र संघाने साऱ्या देशात सहावा क्रमांक पटकाविला. गेलेल्यांचे स्मारक ताश्कंदच्या बोत्किन दफनभूमीत आहे.