घरचा लॅपटॉप, विद्यापीठाची जबाबदारी

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठात ऑक्टोबर २०१९मध्ये एका बनावट ई-मेलमधला दुवा उघडला गेला. त्यानंतर दोन महिने वरवर काहीच घडले नाही. आत शिरलेले चोर मात्र एकेक सर्व्हर हेरत होते. २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद करून खंडणी मागितली. काही बॅकअपही त्याच जाळ्याला जोडलेले असल्याने विद्यापीठाच्या उपयोगी पडले नाहीत. अखेर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो मोजले. पुढे विद्यापीठाने जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. चौकशीचा अहवाल त्याने फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वांसमोर ठेवला. दुवा उघडणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. काही सर्व्हरवर अद्ययावत सुधारणा बसवल्या नव्हत्या, धोक्याचे इशारे मिळूनही दुर्लक्षित राहिले, ही संस्थेची चूक संस्थेने मान्य केली.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी हा धडा आधी गिरवायला हवा. आपल्याकडे सायबर सुरक्षा म्हटले की ‘कर्मचाऱ्यांनी सतर्क राहावे’ असे परिपत्रक निघते आणि जबाबदारी संपते.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत शिक्षक आणि कर्मचारी एका रात्रीत घरून काम करू लागले. साधने त्यांची स्वतःची, इंटरनेटचे पैसेही त्यांचेच. सरकारी कामासाठी झूम सुरक्षित नाही, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी दिला. पण त्याऐवजी काय वापरायचे हे महाविद्यालयातल्या शिक्षकाला कोणी सांगितले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कारण सांगितले गेले ते सायबर हल्ल्याचे. टाळेबंदी उठली, घरचे काम मात्र घरीच राहिले. अभ्यास मंडळाच्या बैठका, प्रश्नपत्रिकांचे मसुदे, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, नॅकसाठीचा स्वयंमूल्यमापन अहवाल, अंतर्गत गुणांच्या याद्या, सारे काही रात्री जेवणानंतर घरच्या टेबलावर चालते.

ते कशावर चालते, हे पाहिले की काळजी वाटते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे अनेकदा महाविद्यालयाचा ई-मेलच नसतो. तो गुणांची एक्सेल शीट खासगी जीमेलवरून पाठवतो किंवा थेट विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ज्या लॅपटॉपवर तो प्रश्नपत्रिका टाइप करतो, त्यावरच मुलगा गेम खेळतो. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाच्या मोबाइलमध्ये विद्यार्थ्यांची आधार कार्डे, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या पासबुकाची पहिली पाने साठलेली असतात. पोर्टलचा पासवर्ड एकच, आणि तो तिघांना माहीत. नेमणूक संपून शिक्षक दुसऱ्या गावी जातो, त्याचे खाते मात्र उघडेच राहते. यातला कोणीही बेफिकीर नाही. काम अडू नये म्हणून या माणसांनी स्वतःच्या खिशातून उभी केलेली ही व्यवस्था आहे. ती असुरक्षित आहे याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

कायदा आता स्पष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आता रात्री नऊ वाजता घरी बसून चुकीचा दुवा उघडलेल्या लिपिकाचा विचार करा. त्याच्या मनात सर्ट-इन येत नाही. येते ती ‘कारणे दाखवा’ नोटीस. तो गप्प बसतो, सकाळी सगळे नीट असेल अशी आशा करतो, आणि सहा तास त्या भीतीतच निघून जातात. आमच्या मते विद्यापीठांच्या सुरक्षेतले सर्वांत मोठे भगदाड हीच भीती आहे. चूक ताबडतोब सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे कुलसचिवांनी लेखी जाहीर करावे आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर प्रत्येक महाविद्यालयाला द्यावा.

बाकीच्या गोष्टी अवघड नाहीत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह प्रत्येकाला संस्थेचा ई-मेल हवा. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट शैक्षणिक संस्थांना तो मूळ स्वरूपात मोफत देतात, त्यामुळे इथे पैशाची सबब चालणार नाही. त्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी सक्तीची करावी. पासवर्ड फुटला तरी चोर बहुधा दारातच अडतो. कर्मचारी ज्या दिवशी कार्यमुक्त होतो त्याच दिवशी त्याचे खाते बंद व्हावे. पैसा लागतो तो परीक्षा, लेखा आणि शिष्यवृत्तीचे काम करणाऱ्यांना विद्यापीठाच्या मालकीचे लॅपटॉप देण्यासाठी आणि मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या बॅकअपसाठी. तो खर्च करावाच लागेल. नोव्हेंबर २०२२मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेला कित्येक दिवस कागद-पेनावर कारभार हाकावा लागला होता.

यंत्रणा आणताना माणसांची तयारी विसरली की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७मध्ये अनुभवले आहे. उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी घाईने लादली गेली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश धोक्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तेव्हा संतापाचा केंद्रबिंदू संगणक होता, पण प्रशिक्षणाशिवाय त्याच्यासमोर बसवलेल्या प्राध्यापकांची बाजू फारशी ऐकली गेली नाही.

विद्यापीठांचे अंदाजपत्रक मार्चमध्ये अधिसभेपुढे येते. पदवीधर, प्राध्यापक आणि प्राचार्य मतदारसंघांतून निवडून गेलेल्या सदस्यांना आमची विनंती आहे: घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षित साधनांसाठी किती रुपये ठेवले आहेत, आणि त्यातले तासिका तत्त्वावरील शिक्षकांपर्यंत किती पोहोचणार, हे दोन प्रश्न या बैठकीत लेखी विचारा आणि उत्तर मिळाल्याशिवाय अंदाजपत्रकाला मंजुरी देऊ नका.